डीलर ७४ म्हणतोय, गाडी कितीला घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण कागलहून रोज गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ये-जा करतो. कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडं त्यानं होंडा युनिकॉर्न पाहिली. ऑक्टोबर २०२० चं पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ३१ हजार किलोमीटर. डीलर ७४ हजार सांगतोय आणि ‘फायनल’ म्हणतोय. याच्याजवळ ६५ हजार आहेत. ‘मला घासाघीस जमत नाही. किती कमी करून मागू आणि कसं बोलू? घरचे म्हणतात कर्ज काढून नवीच घे.’

आधी उत्तर देतो, मग कारणं. गाडी सरळ असेल तर नावावर करून देण्याच्या खर्चासकट ती ६४-६५ हजारांत बसायला हवी. ६८ च्या पुढं जाऊ नका. घासाघीस जमत नाही याची काळजी करू नका. मी सहा वर्षं एका डीलरकडं गाड्या खरेदी करायच्या कामावर होतो, आता चौदा वर्षं उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. त्या सहा वर्षांत आमच्या मालकांना सगळ्यात जास्त आवडायचं ते जोरजोरात भांडणारं गिऱ्हाईक. त्याला तीन हजार कमी केले की ते जिंकल्याच्या आनंदात कागद न बघता गाडी घेऊन जायचं. मालकांना घाम फोडायचं ते गप्प बसून वहीत आकडे लिहिणारं. तुम्ही दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक व्हा, तुमच्या स्वभावाला तेच सोपं आहे.

डीलरचा आकडा खालून वर चढत जातो. समजा त्यानं ही गाडी ५५ ला घेतली. बऱ्याच गाड्या नव्या गाडीच्या शोरूममधून एक्स्चेंजला आलेल्या असतात. शोरूमवाल्याला त्या अंगणात नको असतात, तो एकगठ्ठा देऊन मोकळा होतो, म्हणून खरेदीचा भाव तुम्ही-आम्ही समजतो त्यापेक्षा बराच खाली असतो. मग वॉशिंग, पॉलिश, टाकीवरचे ओरखडे, ऑइल, एखादा आरसा, सीट कव्हर, यात दोन-अडीच हजार जातात. नाव ट्रान्स्फरची फी आणि एजंट मिळून दोनेक हजार. वर जागेचं भाडं, पोरांचे पगार आणि गुंतलेल्या पैशाचं व्याज. कित्येक डीलर दुसऱ्याच्या पैशावर धंदा करतात, त्यामुळं दीड महिना जागेवर उभी असलेली गाडी त्यांना रोज टोचत असते. हे सगळं जाऊन दीडशे सीसीच्या एका गाडीत सहा ते आठ हजार सुटले की आमचे मालक खूश असायचे. त्यावर आणखी पाच-सात हजार ‘बोलायला’ म्हणून ठेवलेले. ५५ चे ७४ होतात ते असे.

म्हणजे वरचे पाच-सात हजार जो कुणी तोंड उघडेल त्याला मिळतात, त्यात तुमचं कौतुक काही नाही. त्याखालचे दोन-चार हजार मिळवायला गाडीची माहिती लागते.

त्याची खरेदी कितीची हे तो सांगणार नाही, पण अंदाज काढता येतो. दुसऱ्या दोन डीलरना फोन करा आणि विकणाऱ्याच्या बाजूनं विचारा: ‘मित्राची २०२० ची युनिकॉर्न आहे, सेकंड ओनर, एवढी फिरलेली, काढायची झाली तर किती देता?’ आकडा लगेच मिळतो, आणि तो चांगलाच कमी असतो. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांच्या साइटवरही मॉडेल, साल, किलोमीटर भरले की त्या काय देतील तो आकडा दिसतो. हे दोन-तीन आकडे वहीत एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला जाहिरातींमधले मागणीचे भाव लिहा, पण जाहिरातीची तारीख बघूनच. तीन-चार आठवडे तशीच पडून असलेली ७५ हजारांची जाहिरात एवढंच सांगते की ७५ ला कुणी घेतली नाही. तुमचा सौदा या दोन बाजूंच्या मध्ये कुठंतरी होणार आहे.

गेल्या वर्षीची एक गोष्ट बरेच डीलर सोयीनं विसरलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हिशेब केला तर लाखाच्या गाडीमागं शोरूम किमतीत साधारण ७,८०० रुपयांचा फरक पडतो. नवी स्वस्त झाली की तिच्या सावलीत उभी असलेली जुनीही खाली यायला हवी. पण त्याआधी महाग घेऊन ठेवलेल्या गाड्यांवर डीलर अजून जुनाच भाव लावतात. आजची ऑन-रोड किंमत तुमच्याच शोरूममधून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद खिशात ठेवा. टेबलावर तो कागद निघाला की ‘नवी आता दीड लाखाला जाते पाव्हणं’ ही वाक्यं बंद होतात. (३५० च्या वरच्या गाड्यांचं उलट झालंय, त्यांचा कर ४० टक्के झाला, त्यामुळं जुन्या मोठ्या गाड्यांचे भाव टिकून आहेत. बुलेट क्लासिक ३४९ सीसीची, ती स्वस्तातच आली.)

जीएसटीचा आणखी एक प्रकार हल्ली ऐकू येतो: ‘७४ अधिक जीएसटी’. नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो हे खरं, पण तो त्याच्या खरेदी आणि विक्रीच्या फरकावर, म्हणजे त्याच्या नफ्यावर. पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून तेरा हजार मागणारा एक तर अडाणी असतो, नाहीतर तुम्हाला तसं समजतो.

विम्याच्या कागदावरची आयडीव्ही (विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत) दाखवूनही भाव पाडता येतो असं वाचलं असेल. त्याचा फार भरवसा धरू नका. विम्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा असतो आणि पाच वर्षांपुढं तर विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. होंडा, हिरोच्या रोजच्या वापराच्या गाड्या बाजारात त्याहून चांगला भाव धरतात. आयडीव्ही ४५ आणि तुम्ही ४५ मागितले तर डीलर चहा पाजून घालवेल. एवढं मात्र लक्षात ठेवा की गाडी चोरीला गेली तर हातात पडतील ते आयडीव्हीच्या हिशेबानं, तुम्ही मोजलेल्या किमतीच्या नाही.

हंगामाचं एक सांगतो. आपल्या भागात उसाची बिलं जमा व्हायला लागली की जुन्या गाड्यांना उठाव येतो, तेव्हा डीलर ताठ असतो. जूनमध्ये कॉलेजची ॲडमिशन सुरू झाली की स्कूटर आणि सव्वाशे सीसी महागतात. दसरा-दिवाळीला लोक एक्स्चेंजला गाड्या देतात आणि त्यानंतर यार्ड भरलेलं असतं, मग भाव ढिला होतो. पितृपंधरवड्यात तर गिऱ्हाईकच फिरकत नाही. तुम्हाला घाई नसेल तर हे तुमच्या बाजूचं आहे. घाई असेल तर निदान शनिवार-रविवारी जाऊ नका. मंगळवार-बुधवारी दुपारी जा, तेव्हा दुकानात माश्या असतात आणि मालकाला बोलायला वेळ असतो.

आता कागद. हे घरी बसून, मोबाइलवर, गाडी दुसऱ्यांदा बघायला जाण्याआधी करायचं. सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका. रजिस्ट्रेशनची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत आणि आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, एवढं बघायचं. ई-चलनाच्या साइटवर दंड बघा, त्यासाठी चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, ते गाडीवरून टिपून आणा. थकलेलं चलन ट्रान्स्फरच्या वेळी आडवं येतं आणि तेव्हा ‘एवढं तुम्ही भरा की’ असं होतं.

विम्याची एक मेख आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुतेक जण एकाच वर्षाचा काढतात आणि पुढं सोडून देतात. तुमची गाडी ऑक्टोबर २०२० ची, म्हणजे थर्ड पार्टीची पाच वर्षं ऑक्टोबर २०२५ मध्येच संपली. ‘इन्शुरन्स फुल हाय’ असं डीलर म्हणत असेल तर त्याला तारीख विचारा. युनिकॉर्न १६२ सीसीची, म्हणजे १५० ते ३५० च्या गटात येते. त्या गटाचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला १,३६६ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १,६०० च्या थोडं वर. हा खर्च वहीत जातो. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

कर्जाच्या बोजाबद्दल मी स्वतः ठेच खाल्लीय. मावसभावासाठी गाडी घेताना मी भाव चांगला चार हजारांनी उतरवला, मिशीला पीळ दिला, आणि आरसीवरची फायनान्सची नोंद ‘कर्ज कधीच फिटलंय, फक्त काढायची राहिलीय’ या बोलण्यावर सोडून दिली. कर्ज खरंच फिटलेलं होतं. पण फायनान्स कंपनीची इथली शाखा उठलेली, मूळ मालक नोकरीसाठी गुजरातेत, आणि एनओसीसाठी (कर्ज फिटल्याच्या ना-हरकत पत्रासाठी) आठ महिने फेऱ्या. वाचवलेले चार हजार त्यात गेलेच, वर भावाची बोलणी खाल्ली ती वेगळी. बोजा दिसला की एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय इसाराचा रुपयाही देऊ नका.

मग गाडी. जायच्या आधी तासभर फोन करू नका. फोन केला की गाडी चालू करून गरम करून ठेवतात, आणि गरम इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतं, आवाजही मऊ देतं. गेल्या गेल्या सायलेन्सरला नाही, इंजिनच्या फिनला हात लावा. गरम लागली तर ‘मी अर्ध्या तासानं येतो’ म्हणून बाहेर पडा. थंड असताना सेल्फ मारा. पहिले दहा सेकंद टायमिंग चेनची खरखर ऐका, सायलेन्सरमागं पांढरा रुमाल धरा. निळसर धूर आणि रुमालावर तेलकट काळं आलं तर पिस्टन-रिंगचं काम जवळ आलंय, मग हा सगळा हिशेब सोडून द्या आणि दुसरी गाडी बघा.

चावी फिरवल्यावर एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवली तरी दिवा लागतच नसेल तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. इंजिनच्या दिव्याचंही तेच, ही फ्युएल इंजेक्शनची बीएस-६ गाडी आहे. कार्बोरेटरसारखं स्क्रू फिरवून भागत नाही, सेन्सर गेला तर पैसे लागतात. गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक कुणाला तरी वर उचलायला सांगा आणि हँडल डावीकडून उजवीकडं हळू फिरवा. मध्ये कुठं अडकल्यासारखं ‘टक’ झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. चिमट्याच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) नळ्यांवर तेलाची कड दिसली तर ऑइल सील गेलंय. दहा पावलं मागं जाऊन दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का बघा, नाहीतर गाडी कुठंतरी जोरात धडकलेली असू शकते.

मीटरवर माझा विश्वास कमी आणि टायरवर जास्त. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२२० म्हणजे २०२० सालचा बत्तिसावा आठवडा. तुमच्या गाडीचा मागचा टायर २०२० चा असेल आणि झिजत आलेला असेल तर ३१ हजार पटतात. टायर २०२३ चा असेल आणि तोही गुळगुळीत झाला असेल तर गाडीनं दोन टायर खाल्लेत, मग ३१ हजार कसे? ब्रेक पेडलचं रबर, फूटरेस्ट, चावीचं भोक, पुढच्या डिस्कच्या कडेला आलेली धार, ही सगळी खरं बोलतात. शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर शेवटच्या सर्व्हिसचं मीटर तिथं नोंदलेलं असतं. डीलरला सांगा, मूळ मालकाकडून सर्व्हिसचा मेसेज मागवा. तो टाळाटाळ करायला लागला की वहीत एक खूण.

आपल्याकडची खास तपासणी मात्र पुराची. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, या दोन पुरांत कोल्हापूर-सांगलीकडच्या किती गाड्या पाण्याखाली होत्या हे आपण डोळ्यानं बघितलंय. तुमची गाडी २०२० ची, म्हणजे दुसरा पूर तिनं बघितलेला असू शकतो. २०२१ च्या दिवाळीनंतर माझ्याकडं एक पोरगा असाच आला. बाजारापेक्षा नऊ हजारांनी स्वस्त गाडी, चकाचक पॉलिश, आणि तीन महिन्यांत कधी हेडलाइट जातोय, कधी चालता चालता बंद पडतेय. हेडलाइटचा डोम उघडला तर कपलरमागं (वायरी जोडायच्या सॉकेटमागं) वाळलेला गाळ, बोटाएवढा थर. वायरिंगचा पूर्ण गठ्ठा बदलला, ईसीयू (इंजिनचा कंट्रोल बॉक्स) गेला, नऊ हजार वाचवलेले दुप्पट होऊन गेले. म्हणून सीट काढायला लावा. सीटखालचे कपलर हिरवट झालेत का, बॅटरीच्या डब्याच्या कोपऱ्यात माती आहे का, हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का, फ्रेमच्या पोकळ नळ्यांच्या तोंडाशी चिखल आहे का, बघा. बाहेरून धुता येतं, नळीच्या आतून नाही. पुराच्या गाडीला कुठलाच भाव रास्त नसतो, हा एकच प्रकार असा आहे जिथं मी वहीच मिटतो.

आता वही भरूया. समजा एवढं निघालं: मागचा टायर संपत आलाय, २,३००. चेनकिट ओढून संपलंय, १,७००. बॅटरी दमलीय, १,४००. कोनसेट मजुरीसकट ७००. विमा १,६१२. एकूण ७,७१२. भाग आणि मजुरी हे माझ्या गॅरेजचे भाव आहेत, तुमच्या मेकॅनिककडून तुमचे लिहून घ्या.

इथं नवखा माणूस चुकतो. तो ७४ मधून ७,७१२ वजा करून ६६,३०० म्हणतो आणि स्वतःला हुशार समजतो. आधी गाडीचा खरा भाव ठरवायचा, मग वजाबाकी. अशी गाडी सगळं ठीक असताना आजूबाजूला ६९-७० ला जात असेल तर तिथून सुरुवात. पण पूर्ण ७,७०० ही वजा होत नाहीत. पाच वर्षांच्या गाडीत थोडी झीज असणार हे त्या ७० मध्येच धरलेलं असतं, आणि हे डीलरला माहीत असतं. टायर, बॅटरी आणि विमा पूर्ण मागा. चेनकिट अर्धं सोडून द्या, कोनसेट तर त्याला ऐकवायलाच ठेवा. ७० मधून पाच-सहा हजार गेले की ६४-६५ उरतात. वर काढलेला त्याचा हिशेब आठवा: ५५, त्यावर साडेचार खर्च, म्हणजे ६४-६५ ला त्याला पाचेक हजार सुटतात. दीड महिना उभी असलेली गाडी असेल तर तो देतो. आणि डीलरला पाच हजार सुटू द्यावेत असं माझं मत आहे. चार दिवसांनी काही आवाज आला तर याच माणसाकडं जायचंय.

बोलायचं कसं, ते आता. दुकानात गेल्यावर तो सुरुवात करणार: ‘डॉक्टरनं वापरल्याली गाडी हाय पाव्हणं, दवाखाना ते घर.’ कोल्हापुरात विकायला आलेल्या डॉक्टरांच्या गाड्या एकत्र केल्या तर प्रत्येक डॉक्टरला दरमहा एक गाडी बदलावी लागेल. हसा आणि पुढं चला. गाडीचं कौतुक करू नका, नावंही ठेवू नका. ‘कलर गेलाय, आवाज बेकार’ असं ओरडणाऱ्याला तो लगेच ओळखतो. तुमचं बजेट किती, या प्रश्नाला उत्तर देऊ नका. ‘गाडी बघून ठरवू’ एवढंच. ६५ हा आकडा तोंडातून गेला की सौदा ६५ च्या खाली येत नाही.

मग पहिला आकडा तुम्ही सांगा, आणि तो अटीसकट सांगा: ‘नावावर करून, चलन भरून, ६० ला घेतो. पैसे तयार आहेत.’ आणि वही त्याच्यासमोर ठेवा. तो म्हणणार, ‘साठला मला पण दोन द्या की, मीच घेतो.’ हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोललोय, त्याचा अर्थ काही नसतो. तो ७२ म्हणेल. तुम्ही लगेच वर चढू नका. टायरवर बोट ठेवा, तारीख दाखवा, विम्याची तारीख दाखवा, नव्या गाडीच्या किमतीचा कागद दाखवा. मग ६२ आणि पाचशे. मग ६४. प्रत्येक वेळी तुमचं पाऊल छोटं झालं पाहिजे, म्हणजे तळ जवळ आलाय हे त्याला न सांगता कळतं.

दोन ठिकाणी सांभाळा. एक, तो म्हणेल ‘जाऊ द्या, मधलं काय ते करा’. ७२ आणि ६२ च्या मधलं ६७ होतं, पण ७२ हा आकडाच हवेतला होता. मधलं करायचं नाही. दोन, तो पैसे कमी न करता वस्तू देऊ करेल: ‘टायर मी घालून देतो, सर्व्हिस करून देतो, हेल्मेट घ्या.’ त्याचा टायर दुसऱ्या गाडीचा काढलेला असतो आणि सर्व्हिस म्हणजे ऑइल बदललं. वस्तू नकोत, रुपये कमी करा म्हणा. टायर तुम्ही नवा, बिल घेऊन टाका.

६६-६७ ला अडला तर भांडू नका. नंबर लिहून द्या, ‘६५ ला जमलं तर फोन करा’ म्हणा आणि खरोखर जा. दोन-तीन दिवसांत फोन येतो. नाही आला तर गाडी त्याला हव्या त्या भावाला गेली. तसंही होतं, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

रोख पैशाबद्दल एक गैरसमज आहे. रोख म्हटलं की डीलर विरघळतो असं लोकांना वाटतं. पण फायनान्स करून दिलं की त्याला कमिशन मिळतं, म्हणून काही जण कर्ज घेणाऱ्यालाच हजार-दोन हजार जास्त सोडतात. ते हजार-दोन हजार कुठून वसूल होतात ते बघा: ५० हजार कर्ज, ‘१२ टक्के फ्लॅट’ (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज), २४ महिने. व्याज १२ हजार, हप्ता २,५८३. ऐकायला १२ टक्के, पण मुद्दल दर महिन्याला कमी होतंय हे धरलं तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. तुमच्याजवळ पैसे आहेत, या वाटेला जाऊ नका.

सौदा ठरला की इसार एक-दोन हजारांचाच, आणि पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली पूर्ण किंमत, ‘ट्रान्स्फर खर्चासह’ हे शब्द आणि कागद जुळले नाहीत तर इसार परत, एवढं लिहून घ्या. डीलरकडं आरटीओचं अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र आहे का, विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यावं लागतं. गाडी डीलरच्या ताब्यात आल्याची नोंद फॉर्म २९सी नं झाली असेल तर कागद त्याच्या नावानं पुढं सरकतात आणि तुमचं काम सोपं होतं. लहान यार्डांत बरेचदा हे नसतं. तिथं मूळ मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे अर्ज) लागतील, आणि अर्ज ऑनलाइन भरताना ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी मूळ मालकाशी एकदा फोनवर बोला. गाडी विकली का, कधी विकली, ओटीपी द्याल का, एवढं विचारा. तोही राजी असतो, कारण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावर येते, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात तेच सांगितलंय. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा चालू असेल तर तोही १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा.

किमतीतले चार-पाच हजार मागं ठेवा, ॲपमध्ये तुमचं नाव दिसलं की द्यायचे, आणि हे त्याच पावतीवर लिहा. डीलर कुरकुर करेल. ‘विश्वास नाही व्हय?’ म्हणेल. मी तर अशा वेळी हजार रुपये जास्त देऊन पाच मागं ठेवायला सांगतो, कारण पूर्ण पैसे हातात पडल्यावर एजंटचा फोन लागत नाही.

घरचे नवी घे म्हणतात, त्याबद्दल. ६५ ची गाडी, वर टायर-चेनकिट-विमा धरून सत्तरेक हजार होतील. नवी घेतली तर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आणि वॉरंटी मिळते, पण वर निम्मं कर्ज डोक्यावर येतं आणि हप्ता नोकरीच्या भरवशावर. तुमचं रोजचं अंतर फार नाही, युनिकॉर्नचं इंजिन नीट ऑइल बदललं तर लाख किलोमीटर सहज बघतं. माझं मत जुनीच्या बाजूनं आहे. फक्त ही युनिकॉर्न मिळाली नाही तर पुढचीला हीच वही घेऊन जा, आणि गाडी उचलायच्या दिवशी पेट्रोल पाचशेचं तुमच्या पैशानं टाका, डीलरच्या टाकीत घरापर्यंत पोचेल एवढं कधीच नसतं.